कुकर फ्रान्सला गेला

आईने पुण्यातल्या शाळेत उभी हयात फ्रेंच शिकवलं आणि फ्रान्स कधी पाहिला नाही. यात कुणालाच काही गैर वाटत नव्हतं, आणि मला तेच गैर वाटायचं. मुलं फ्रेंच घ्यायची ती मार्कांसाठी. पालक तोंडावर सांगायचे, "बाई, स्कोअरिंग आहे म्हणून घेतलंय." आई मात्र त्यांना बेकरी कुठे आहे, नदी कुठून जाते, पुलाआधी वळायचं की नंतर, हे विचारायला शिकवायची.

म्हणून निवृत्तीनंतर ती सिंगापूरला ताईकडे राहायला आली आणि जिजूंनी जाहीर केलं की उन्हाळ्यात आपण फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून गाडीने निवांत फिरू, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा जिजूंसाठी टाळ्या वाजवल्या. मला सुट्टी नव्हती. पण आई जाणार होती ना, बास.

बेत रविवारी शिजायचा, ताईच्या बुकित तिमाहच्या उंची सोसायटीतल्या कॉन्डोत, जेवणानंतर. मीही सिंगापुरातच, उत्तरेकडच्या यिशुनला राहते; तिथून यायचे. आईची मागणी साधी होती. पॅरिस नको, हायवे नको. दिवसाला एक गाव, आणि वाटेत बरी सावली दिसली की थांबायचं.

"आई, एवढं लांब जाऊन एकच गाव? तेवढ्यात तीन होतात," जिजू म्हणाले.

"होतात. दिसत नाहीत."

जिजू हसले आणि तीन गावं घातली. ताईने मुक्काम निवडले ते स्वयंपाकघर आहे की नाही हे पाहून. कुकर, मुगाची डाळ, गोडा मसाला, मेतकूट यांची वेगळी बॅग ठरली. जगभरचे लोक ज्या देशात जेवायला जातात तिथे आमची माणसं वरण-भात घेऊन निघाली होती. नकाशावर बोट ठेवून आई गावांची नावं म्हणून दाखवायची, आणि शाळेत जाणारी भाची तिच्यामागून म्हणायची.

मी एकदा विचारलं, "आई इथे व्हिजिट पासवर आहे. तिचा व्हिसा इथून होईल का?"

"झालं, पत्रक निघालं!" जिजू म्हणाले. कॉलेजात मी मोर्चांची पत्रकं लिहायचे. ते अजून विसरले नव्हते. "अगं, आमच्या ऑफिसचा एजंट आहे. सगळ्यांचं तोच करतो."

"सगळ्यांचं म्हणजे इथे नोकरी करणाऱ्या एम्प्लॉयमेंट पासवाल्यांचं."

"मावशी, रिलॅक्स लाह," भाची अस्सल सिंगापुरी सुरात म्हणाली. ताईने आंबा कापायला घेतला. विषय संपला.

व्हिसा केंद्राच्या काउंटरवर तो पुन्हा निघाला. तिघांचे अर्ज घेतले. आईचा परत सरकवला. तुम्ही इथे पाहुण्या आहात, ज्या देशात राहता तिथून अर्ज करा. पुण्याला जाऊन तो करायचा तर निघायची तारीख टळत होती.

त्या रविवारी पुन्हा टेबलाशी बसलो. मी म्हटलं, "तारीख पुढे ढकला." जिजू म्हणाले, त्यांची रजा पुढे जाणार नाही, बुकिंगचा परतावा नाही. ताई आईकडे वळली, "आई, तूच सांग. तू म्हणशील तसं."

ही रीत मला चांगली ठाऊक आहे. ज्याचं काढून घ्यायचं, सही त्याचीच घ्यायची.

"जा गं," आई म्हणाली. "तिथे उजवीकडून गाडी चालवायची, तेवढं लक्षात ठेवा."

आईला कुंड्यांना पाणी घालायला ठेवून ते गेले. कुकरही गेला. कुकरला व्हिसा लागत नाही.

मी कॉन्डोत राहायला आले. एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती. ताई घाबरलेली होती. "आई, ही घरमालकीण काहीतरी ओरडतेय. तिला इंग्रजी येत नाही. तू बोल ना!"

आईने हात पुसले, चष्मा लावला, केस नीट केले. "बोंझूर, मादाम."

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई आली आणि धबधब्यासारखी बोलू लागली. आई ऐकत होती. चेहऱ्यावर असं काही होतं की मी जेवण थांबवून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी खराखुरा माणूस तिच्याशी तिच्या विषयात बोलत होता.

"ती म्हणतेय, स्वयंपाकघरात काहीतरी फुटणार आहे," आई आम्हाला म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली असणार."

मग तिने कुकर समजावला. ओठ आवळून शिट्टी वाजवून दाखवली. बाई खो खो हसली, आईही हसली. दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी बाईने काहीतरी विचारलं, आईने हळू आवाजात उत्तर दिलं.

फोन ताईकडे आला. "थँक यू आई, वाचवलंस!"

"अगं, फोन जरा खिडकीकडे फिरव. मागे शेत आहे का ते?"

"आई, भात लागेल खाली. संध्याकाळी करते हं." आणि बंद.

मी विचारलं, "शेवटी काय म्हणाली ती?"

"फ्रेंच एवढं येतं, मग तुम्ही का नाही आलात?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, प्रवास झेपत नाही मला."

पासष्टीची बाई. रोज कॉन्डोच्या जिन्याने चढते, लिफ्ट घेत नाही. तिने सहा हजार मैलांवरच्या परक्या बाईपाशी खोटं बोलून मुलीची आणि जावयाची लाज राखली. तिची कोण राखणार होतं?

"खोटं का बोललीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू नको सुरू होऊस," आई म्हणाली. तिने फोन पालथा ठेवला. "खिडकीबाहेर ते पिवळं होतं ते सूर्यफुलांचं शेत होतं का गं? तुला दिसलं?"

मला दिसलं नव्हतं. मी तसंच सांगितलं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची मध्यरात्र. फोन आला नाही.