मागची सीट रिकामी

कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं संध्याकाळपर्यंत निघून जातात, किस्से मात्र तिथेच साठत राहतात. सुरतेच्या रिंग रोडजवळच्या आमच्या ऑफिसात तर किस्स्यांसाठी वेगळं गोडाऊन लागलं असतं. मी तिथे नव्वदच्या दशकात बुकिंग क्लार्क होतो. निम्मे किस्से एकट्या भामरेकाकांचे.

भामरेकाका पारोळ्याकडचे. हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर, तिथून निवृत्त होऊन सुरतेतच लिंबायतला राहायला आलेले, आणि आमच्याकडे डिस्पॅचला. मालक बिपिनभाई. त्यांना काका आवडायचे, पण तसं ते कधी दाखवत नसत.

*

एकदा पेपरात आलं की जुनी लढाऊ विमानं मोडीत निघणार. काका पेपर घेऊन थेट केबिनमध्ये!

"शेठ, मोडीत कशाला? कुरिअरला द्या म्हणावं! सकाळी सुरतेत साडी चढवली, की चहा व्हायच्या आत दिल्ली!"

बिपिनभाईंनी वेग विचारला नाही, परवाना विचारला नाही. खिडकीतून रिंग रोडकडे बघत म्हणाले, "काका, पार्क क्यां करशो?"

प्रश्न रास्त होता. आमच्या स्कूटरला तिथे जागा मिळत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी काकांनी पावतीच्या पाठीमागे विमानाचा नकाशाच काढून आणला. जिथे बॉम्ब टांगायचे तिथे साड्यांचे गठ्ठे. गिऱ्हाईकाच्या गच्चीवर आलं की खटका ओढायचा, गठ्ठा पॅराशूटने खाली.

"आणि पोचल्याची सही कोण घेणार?" मी विचारलं.

काका दोन दिवस नकाशावर खाडाखोड करत राहिले. तिसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आले. पॅराशूटला पोचपावती आणि सुतळीने बांधलेलं पेन!

बिपिनभाई म्हणाले, "पेन पाछी नही आवे!" पेन परत येणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब.

नकाशात वैमानिकाच्या मागची सीट रिकामी होती. बिपिनभाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. "इथे अजून दोन गठ्ठे बसतील." काका म्हणाले, "तिथे नाही." आणि कागद घडी करून खिशात टाकला.

*

विमान येईपर्यंत काकांनी टेम्पोवर भागवलं. निघण्याआधी ड्रायव्हर सुकलालला टेम्पोभोवती फेरी मारायला लावायचे. टायर, ब्रेक, आरसा, दोरी. प्रत्येकाला मोठ्याने "ओके" म्हणायचं. एकदा सुकलाल दोरीला ओके म्हणायचं विसरला, तर काकांनी त्याला पुन्हा टायरपासून सुरू करायला लावलं. टेम्पो स्टेशनला पोचला तेव्हा भुसावळची गाडी सुटली होती.

"काका, गाडी गेली!" सुकलाल रडकुंडीला आला.

"ती गेली. आपली शाबूत आहे ना?"

*

ही विमानाची गोष्ट सुकलालमार्फत पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांत पोचली. तिथल्या एका डाईंगवाल्याचं दिल्लीचं पार्सल अकरा दिवस अडकलं होतं. त्याचा फोन मीच घेतला.

"क्या हुआ भाई, आपका जहाज लडाई में चला गया क्या?"

*

मग एका दुपारी, काम कमी असताना, मी सहज म्हटलं, "काका, तुम्ही तर विमानातून किती फिरला असाल!"

काका पार्सलची सुतळी बांधत होते. गाठ पक्की करून मगच बोलले.

"मी एकदाबी बसनू नही, भाऊ. वैमानिक चढायचा, शिडी मी काढून घ्यायचो."

मला उगाच विचारलं असं झालं. मग नकाशातली ती रिकामी सीट आठवली, आणि बरंच वाईट वाटलं. दिवाळीनंतर काका नोकरी सोडून कायमचे पारोळ्याला जाणार होते. तिथे विमान कुठून येणार? मी हे बिपिनभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "काम कर."

*

आमची घाईची थैली मुंबईहून दिल्लीला प्रवासी विमानाने जायची आणि तिच्यासोबत एक माणूस जायचा. हा मान कायम बिपिनभाईंच्या मेहुण्याचा. दिवाळीआधीच्या आठवड्यात तिकीट आलं, त्यावर नाव भामरे!

"मेहुण्याची पाठ दुखते," बिपिनभाई म्हणाले. मेहुणा समोरच उभा राहून गठ्ठे उचलत होता.

काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दिल्लीहून रेल्वेने परतले, तेव्हा सगळं ऑफिस त्यांच्याभोवती जमलं. खिडकीची सीट मिळाली होती, पंखाजवळची.

"काका, ढग कसे दिसले?" सुकलालने विचारलं.

"ढग?"

"बरं, वरून दिल्ली?"

"दिल्लीकडे कोण बघतंय!" काका म्हणाले. "वीस वर्षं इंजिनं वर धाडली. वर गेल्यावर कशी वागतात, ते आत्ता पहिल्यांदा बघितलं."