मंत्रीज्यूंची शिफारस

चौघडी केलेला कागद दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवायचा, एक पाऊल मागे सरकायचं आणि म्हणायचं, "मॅडमजी, आदमी अच्छा है." ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कामगारांच्या हजेरी-रजेचं काम बघत होते, तेव्हा आठवड्यातून निदान तीनदा माझी सकाळ अशी सुरू व्हायची.

कागदावर वळणदार अक्षरात शिफारस असे: अमुक वेल्डरला मी ओळखतो, त्याच्या आईचं ऑपरेशन आहे, रजा मिळावी. खाली सही आणि सहीखाली 'माजी राज्यमंत्री'.

ते खोटं नव्हतं. नेपाळमध्ये हे गृहस्थ खरोखरच मंत्री होते. चार महिने. मग सरकार पडलं आणि पुढच्या निवडणुकीत हेही पडले. मूळचे शाळामास्तर, पण मंत्री झालेल्या माणसाने पुन्हा खडू धरलेला गावाला बघवेना, म्हणून मेहुण्याच्या ओळखीने ओमानला येऊन आमचे स्टोअरकीपर झाले. खुर्ची गेली तरी बसायची सवय न गेलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

हातमोजे महिन्याला दोन जोड, असं माझी यादी सांगायची. हे मागेल त्याला देऊन मोकळे.

"यादीत बसत नाही हे!" मी ओरडायची.

"मॅडमजी, हाथ तो उसके जलते हैं, लिस्ट के नहीं."

दुपारच्या सुट्टीत स्टोअरच्या शटरपुढे दरबार भरे. नेपाळी कामगार त्यांना 'मंत्रीज्यू' म्हणत, म्हणजे आपलं 'मंत्रीजी'. "मंत्रीज्यू, घरी भांडण झालंय, बायकोला समजवा." की हे फोनवर कुणाच्या तरी बायकोला समजावत बसणार. सुट्टी संपली तरी ते संपायचं नाही. मल्याळी फोर्कलिफ्टवाला हॉर्न वाजवून कंटाळायचा. "यल्ला, मिनिस्टर साब! पहले बोल्ट दो, भाषण बाद में!"

ते आल्याला दोन वर्षं झाली आणि तिकडे निवडणूक लागली आणि पक्षाने त्यांना तिकीट दिलं. अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, दारात तीनदा उभं राहून त्यांची रजा मीच मंजूर करून आणली. त्यांच्या मतदारसंघातले पुष्कळ पुरुष आखातात. आमच्या कॅम्पमध्येच त्यांचा मोठा घोळका. परदेशातून त्यांना मत देता येत नव्हतं. ते सगळे माझ्या दाराशी आले. "मॅडम, मतदानाला आठ दिवस सोडा."

एवढे गेले तर कारखाना बंद पडेल! "मंत्रीज्यूंची चिठ्ठी आणा," मी म्हटलं आणि कागदांचा ढीग येणार म्हणून मनाची तयारी केली.

मंत्रीज्यू रिकाम्या हातांनी आले.

"माँ के लिए लिखूँगा, बीवी के लिए लिखूँगा. अपने लिए नहीं."

"पण निवडून यायचंय ना तुम्हाला?"

"बहुत," ते म्हणाले आणि सामान बांधायला गेले. सुटले बाई, असं मला वाटलं.

ते नऊ मतांनी पडले. नऊ!

दोन वर्षं या माणसाने चिठ्ठ्या लिहून माझा जीव खाल्ला, आणि जी लिहायची तीच लिहिली नाही. आणली असती तर भांडून-तंडून मी दहा-बारा जणांना सोडलंच असतं. रजा संपली तरी ते परतले नाहीत. मला चिडायलाही माणूस उरला नाही.

निकाल कळला त्या दुपारी त्यांचे मतदार मेसमधून न जेवताच उठले आणि पाळीसाठी माझ्यापुढून एकेक करून आत गेले. कोणी मान वर केली नाही. मी प्रत्येकाच्या नावापुढे 'हजर' लिहीत राहिले.