विळी मिटल्याशिवाय उठू नये

अक्कांच्या स्वयंपाकघरात एकच कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं. भाजी चिरताना दाराची बेल वाजो, दूध उतू जावो, नाही तर खुद्द मुख्यमंत्री फाटकात येऊन उभे राहोत, अक्का आधी विळीचं पातं पाटावर आडवं मिटायच्या आणि मगच गुडघ्यावर हात टेकून उठायच्या. दूध तोवर गॅसवर सांडून मोकळं झालेलं असायचं. ‘‘सांडलेलं पुसता येतं,’’ त्या म्हणायच्या, ‘‘विळी मिटल्याशिवाय उठू नये.’’ त्या घरात मूल नव्हतं, मांजरही नव्हतं. मी एकदा म्हटलं, ‘‘अक्का, तुम्ही एकट्या राहता. कुणाला लागणार आहे?’’ त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘कोण येणार ते विळीला सांगून येतात काय?’’

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि बनशंकरीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, तेव्हा त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. घराणं मूळचं धारवाडकडचं, त्यामुळे अक्कांचं मराठी कानडीचा हात धरून चालायचं. ‘‘स्वल्प थांब की,’’ ‘‘सरी, जेवून जा.’’ ‘स्वल्प’ म्हणजे जरा, ‘सरी’ म्हणजे बरं. मला त्या ‘पुणेकरीण’ म्हणायच्या. माझ्या बोलण्यात दर तिसरा शब्द इंग्रजी असायचा आणि वर शुद्ध मराठीचा तोरा मात्र पक्का. ‘‘तुझ्या मराठीत मराठीच स्वल्प कमी पडतं की गं,’’ असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. मला राग आला होता. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

त्यांची दुसरी खोड म्हणजे माणसाचं तोंड वाचायचं आणि जे दिसलं ते सरळ विचारायचं. रिक्षात बसल्या की पत्ता नंतर, आधी ‘‘अण्णा, ऊट आयिता?’’ जेवला नसेल तर त्याला घरापाशी थांबवून चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात द्यायच्या. एका वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं. बोम्मसंद्र्याच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये पिळून निघून मी घरी यायची आणि दिवा न लावता बसायची. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी अक्का जिना चढून वर आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि विचारलं, ‘‘मरावंसं वाटतंय काय?’’ मी सटपटलेच. असं कुणी विचारतं का? मग एकदम रडू फुटलं आणि तासभर थांबलं नाही. नंतर मी म्हटलं, ‘‘असं काहीतरी विचारून माणसाच्या डोक्यात भलतं नाही का यायचं?’’ तर म्हणाल्या, ‘‘विचारल्यानं कुणी मरत नाही. न विचारल्यानं मरतात.’’

त्यांना एकुलता एक मुलगा, सुधींद्र. तो अमेरिकेत. त्याची बायको वंदना आणि त्यांची एकच मुलगी, शर्वरी. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत यायची तेव्हा खालच्या मजल्यावर दिवसभर हसणं चालायचं. आजीनं तिला विळीवर बसायला शिकवलं होतं. काकडी तिरपी कापली जायची, पण उठताना पातं मिटायला ती कधी विसरली नाही. ‘‘मिटली, आज्जी,’’ असं आपल्या अमेरिकी हेलात ओरडून सांगायची. अक्का नातीचं कौतुक तोंडावर कधी करायच्या नाहीत. ती विमानात बसली की मात्र मला पकडून तासभर करायच्या.

शर्वरी सोळा वर्षांची असताना तिच्या शाळेत गोळीबार झाला. शाळेतल्याच एका मुलानं केला. गेलेल्यांत ती होती.

याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. एवढंच सांगते, की सुधींद्रचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. अक्कांनी तो ऐकला, ‘‘येते मी,’’ म्हणाल्या, आणि बॅग काढायला उठल्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हळूहळू बाकीचं कळत गेलं. बंदूक मुलाच्या बापाची होती. कपाटात होती, कपाटाला कुलूप नव्हतं. त्या मुलानं आधी एक-दोघा मित्रांना ‘मी असं करणार’ म्हणून सांगितलंही होतं. त्यांना ती थट्टा वाटली. घरी त्याचं जेवणखाण सुटलं होतं, तेही कुणी मनावर घेतलं नव्हतं. अक्का सहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा हे सगळं त्यांनी मला पायरीवर बसून सांगितलं. ‘‘त्या पोराला कुणी विचारलं नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि बाप विळी उभी ठेवून गेला.’’ त्या मुलाचा त्यांना राग होता की नाही, मला कधी कळलं नाही. बापाचा होता.

तिकडे असताना त्या एका सभेत बोलल्या होत्या. घरातली बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करावी, असा ठराव त्या गावानं मांडला होता आणि गावकऱ्यांना बोलायला बोलावलं होतं. सुधींद्र ठरावाच्या बाजूनं बोलला. मग अक्का नऊवारीत उभ्या राहिल्या. विळी म्हणजे काय हे त्या लोकांना कुठून माहीत असणार? तर ही बाई भर सभेत खाली जमिनीवर बसली, एक पाय दुमडला, हातानं पातं मिटून दाखवलं आणि आपल्या कारखाना-कॉलनीच्या इंग्रजीत म्हणाली, की आमच्याकडे भाजी कापायच्या वस्तूलासुद्धा एवढा नियम आहे. सभेनंतर विरोधी बाजूचा एक म्हातारा त्यांच्याजवळ आला, हात हातात घेऊन रडला, आणि ‘माझं मत मात्र विरोधातच राहील, चोर आला तर कुलूप उघडायला वेळ कुठला,’ असंही सांगून गेला. मी चिडले. अक्का म्हणाल्या, ‘‘माणूस वाईट नव्हता गं तो. त्याला आपल्या घरच्यांची भीती. भीती सगळ्यांना आहे, कुलूप कुणालाच नको.’’ ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

इकडे आमच्या मराठी मंडळींत तर या विषयावर तोंडी लढाया रोजच्याच. इंदिरानगरात एकाकडे कोजागिरीला जमलो होतो. मसाला दूध हातात आल्यावर सगळे घटनातज्ज्ञ झाले. एक म्हणे, बंदुकाच बंद करा. दुसरा म्हणे, मास्तरांच्याच हातात बंदुका द्या. तिसऱ्यानं निष्कर्ष काढला, ‘‘त्या मानानं आपल्याकडे बरं आहे. लायसन्ससाठी चपला झिजतात.’’ कोपऱ्यात अक्का बसल्या आहेत हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘बरं आहे ते आपोआप नाही. कुणीतरी रोज काहीतरी बंद करून ठेवतंय म्हणून बरं आहे.’’ मग कुणी दूध प्यायलं नाही.

पुढल्या वर्षी त्या पुन्हा मुलाकडे गेल्या. नवरात्र तिकडेच होतं. खंडेनवमीला त्यांनी देवघरात पाट मांडला. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. बेंगळुरूत तर रिक्षापासून कारखान्यातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांना हार पडतात, चौकाचौकात कोहळे फुटतात. अक्कांनी सुरी, कात्री, यजमानांची मोजपट्टी, मुलाचा लॅपटॉप असं ओळीनं ठेवलं होतं. वंदना त्या काळात बहिणीकडेच जास्त असायची, त्यामुळे घरात मायलेक दोघंच. अक्का डोळ्यांनी अधू झाल्या होत्या. मंत्र म्हणत एकेका वस्तूला हळदकुंकू लावत, फूल वाहत त्या पुढे सरकत होत्या. शेवटच्या वस्तूला कुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि बोटांना काहीतरी अनोळखी, गार लागलं.

सुधींद्रनं वरून पिस्तूल आणून पाटावर ठेवलं होतं. ‘‘शस्त्र आहे, आई,’’ तो म्हणाला, ‘‘आज नाही तर कधी पूजायचं?’’ ज्यानं सभेत उभं राहून कुलूप मागितलं होतं त्याच्याच घरात आता ते आलं होतं. का, म्हणून विचारल्यावर ‘संरक्षणाला’ म्हणाला. कुणाच्या संरक्षणाला, हे आईनं विचारलं नाही. ज्यांचं करायचं त्यांतलं त्या घरात कुणी उरलेलं नव्हतं. अक्कांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळायचं ते कळलं.

‘‘मी त्याला कुंकू लावलं गं,’’ हे वाक्य परत आल्यावर त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. पण त्या वेळी त्यांनी डोकं शाबूत ठेवलं. पूजेला ठेवलेल्या हत्याराला पूजा उतरवेपर्यंत हात लावायचा नाही, ही आपली रीत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाकीच्या वस्तू त्यांनी अक्षता टाकून उचलल्या. पिस्तुलावर टाकल्याच नाहीत. ‘‘ह्याची पूजा अजून चालू आहे,’’ म्हणाल्या, ‘‘मी उतरवीन तेव्हा उचल.’’ सुधींद्र देवाधर्माचा माणूस नव्हता. पण आईनं घातलेली फुलं त्यानं हलवली नाहीत. दिवाळी आली, थंडी आली, त्या रोज त्याच फुलांवर नवं फूल ठेवत राहिल्या. पोलिसांकडे देऊन टाक, असं शंभरदा विनवलं. तो ‘बघू’ म्हणायचा. शेवटी व्हिसा संपला आणि त्यांना निघावं लागलं. पूजा न उतरवताच त्या निघाल्या.

त्यानंतर रोज सकाळी साडेसातला त्या मुलाला फोन लावायच्या. तिकडे तेव्हा झोपायची वेळ. ‘‘रात्र वाईट असते,’’ मला सांगितलेलं कारण एवढंच. फोनवर काय बोलायच्या? ‘‘जेवलास काय? काय केलंस? दार लावलंस काय? सरी, झोप.’’ बस्स. त्या एका वस्तूचं नाव नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, ‘‘अक्का, तुम्ही मला विचारलं होतं तसं सरळ विचारा की त्यांना.’’ त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझ्या तोंडाचाच राग आला. ‘‘जगाला विचारत आले गं. पोटच्या पोराला विचारायला जीभ उचलत नाही. हो म्हणाला तर मी इथून काय करू?’’

तिकडे पलीकडे रिंग वाजायची ना, तेवढा वेळ अक्का श्वास घ्यायच्या नाहीत. मी सकाळचा चहा त्यांच्याकडे घ्यायची म्हणून मला माहीत. कधी रिंग लांबायची, तेव्हा त्यांचा हात पदराचं टोक पिळत राहायचा. पलीकडून ‘हॅलो आई’ आलं की टोक सुटायचं. दोन वर्षं हे चाललं. कुठं लग्नाला गेल्या नाहीत, तीर्थाला गेल्या नाहीत, कारण साडेसातला रेंज मिळेल न मिळेल. त्यांची तब्येत त्या फोननंच खाल्ली, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. डॉक्टर हृदय म्हणतात. दोन्हींत फार अंतर नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. त्या दिवशीचा फोन झालेला होता.

सुधींद्र आला. सगळे दिवसवार त्यानं नीट केले. तेराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हा मी खाली चहा घेऊन गेले. तो आईच्या खुर्चीत न बसता जमिनीवर बसला होता. केस सगळे पिकलेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग त्यानं आपणहून विषय काढला.

‘‘आई तुमच्याशी बोलायची ना त्याबद्दल? पिस्तुलाबद्दल?’’

मी हो म्हटलं.

‘‘ती निघाली त्याच आठवड्यात मी ते पोलिसांकडे देऊन टाकलं,’’ तो म्हणाला. ‘‘देवघरातून उचललं, फुलांसकट पिशवीत घातलं आणि नेलं. घरी ठेवायचं धाडस नव्हतं. खरं सांगतो, नव्हतं.’’

दोन वर्षं डोळ्यांपुढून गेली. ‘‘मग त्यांना सांगितलं का नाहीत?’’ मी विचारलं. माझा आवाज चढला होता, पण तो मला आवरता आला नाही.

त्यानं कप खाली ठेवला. ‘‘सांगितलं असतं तर ती निर्धास्त झाली असती. मग रोज फोन कशाला केला असता? आठवड्यानं, पंधरा दिवसांनी केला असता, सगळे करतात तसा. मी रात्री त्या फोनची वाट बघत बसायचो. तो येणार म्हणून त्या रात्री जायच्या. दर वेळी वाटायचं आज सांगू, आणि वाटायचं, अजून एक दिवस येऊ दे.’’

रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मला सुधींद्रचा भयंकर राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

‘‘सांगायला हवं होतं ना मी?’’ त्यानं विचारलं.

दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या घरात विचारलं असतं, तर मी चार समजुतीचे शब्द बोलले असते. त्यांना कळलंच असेल हो, आईला सगळं कळतं, असं काहीतरी. पण त्यांना कळलं नव्हतं. रोज सकाळी तो पदर पिळताना मी पाहिला होता.

‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘सांगायला हवं होतं.’’