बेसबॉलची कार्डं आणि आमचं टचिंग

शारजाच्या औद्योगिक भागात एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला फर्निचरचं गोदाम, आणि मधल्या गाळ्यात माझी छपाई. लग्नाचे अल्बम, व्हिजिटिंग कार्डं, हॉटेलांची मेनूकार्डं आणि स्थळांना पाठवायचे फोटो. हे शेवटचं म्हणजे आमची शान! पुण्या-मुंबईचे आईबाप अबुधाबीहून गाडी काढून येतात, कारण आमचा टचिंगवाला, म्हणजे संगणकावर फोटो सुधारणारा, माणसाला उजळ करतो. रत्नागिरीकडचा आहे. त्याला सांगावं लागत नाही. पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, देतात; तसा तो समोर आलेला चेहरा आधी उजळतो आणि मग मुरुमांकडे वळतो. माझ्या लायसन्सवरचा फोटो त्यानेच केलाय. त्यात मी युरोपातल्या एखाद्या थंड देशाचा वकील दिसतो. पोलीस दोनदा बघतात.

गेल्या हिवाळ्यात एक उंच, सत्तरीचा काळा अमेरिकन आला. अल ऐनला विद्यापीठात शिकवायचा. बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं छापून हवी होती त्याला.

“बेसबॉल म्हणजे आमच्या क्रिकेटचा धाकटा भाऊ,” मी गादीवरून म्हणालो.

“चुलत,” तो म्हणाला. “आणि जास्त मेहनती.”

मला माणूस आवडला. मी चहा मागवला. तो म्हणाला, साखर नको, रविवारी हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि त्याआधी ही कार्डं हातात हवीत.

मग त्याने फोटो मांडले. त्याच्या वडिलांच्या तरुणपणी अमेरिकेत गोऱ्यांच्या संघात काळ्यांना घेत नसत. म्हणून काळ्यांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा भरवल्या. वडील त्यात चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे बसायचे. गावोगाव बसने जायचे आणि हॉटेलात खोली मिळत नाही म्हणून त्या बसमध्येच झोपायचे. दुकानात च्युइंगमच्या पुड्यांतून खेळाडूंची कार्डं निघायची, तीही गोऱ्यांचीच.

“मी पोरवयात ज्यांची कार्डं जमवली,” तो म्हणाला, “त्यांच्यासमोर माझ्या वडिलांना कधी उभंच राहू दिलं नाही.”

त्या काळातले मोठमोठे खेळाडू त्याने निवडले होते. वडिलांचा फोटो मात्र एकच, पाकिटात जपून आणलेला. टोपीची सावली चेहऱ्यावर, आणि सावलीतून हसणारे डोळे.

मी गुरुवारी तयार ठेवतो म्हणालो, आणि ठेवलीही. जाड कागद, गोल कोपरे, मागे माहिती. सोनार हार दाखवतो तशी काळ्या मखमली ट्रेमध्ये मांडली. तो आला, तेव्हा मी ट्रेवरचं फडकं असं काही ओढलं की शेजारचा गॅरेजवालासुद्धा बघायला थांबला.

त्याने एकेक कार्ड उचललं. डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं, भरून आलंय. शेवटी एक कार्ड पुढे करून त्याने विचारलं, “हे कोण?”

“अहो, तुमचे वडील!”

त्याने खिशातून मूळ फोटो काढला आणि कार्डाशेजारी ठेवला.

“हा चेहरा असता, तर त्यांना गोऱ्यांच्या संघात घेतलं असतं,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला दिसलं. ट्रेमधली सगळी माणसं उजळ झाली होती, आमच्या लग्नाच्या अल्बमातल्या नवरदेवांसारखी.

टचिंगवाला आतून आला. “साहेब, काय झालं? कटिंग चुकलं?”

मी सांगितलं.

“पण एवढी मोठी माणसं म्हणून तर नीट केली! पासपोर्टवाल्याला देखील इतका वेळ देत नाही मी.”

अमेरिकनाने विचारलं, तो काय म्हणतोय? माझ्याकडे एरवी कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं असतात, एक खरं आणि दोन बरी. त्या दिवशी मी खरं तेच इंग्रजीत सांगून टाकलं. तो खुर्चीत बसला. त्याला धाप लागली होती.

“त्याला म्हणावं, मला राग नाही. परत कर. होते तसे.”

शनिवारी आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. एकेक चेहरा मूळ रंगावर आणायचा होता. पण टचिंगवाल्याचा हात सवयीने पुन्हा उजळ करायलाच जायचा आणि मी “हां!” म्हणून ओरडायचो. वडिलांच्या फोटोशी तो अडला.

“साहेब, टोपीची सावली तरी काढू? नाहीतर दिसणार कसे?”

“दिसतील.”

“लोक म्हणतील, यांना काम येत नाही.”

“म्हणू देत.”

रविवारी पहाटेच आम्ही अल ऐनच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी माफीचं अख्खं भाषण पाठ केलं, हातवाऱ्यांसकट. टचिंगवाला कार्डांची पेटी मांडीवर धरून बसला होता. हॉस्पिटलच्या मजल्यावर पोचलो तर अमेरिकनाची बायको एकटी बसलेली. ऑपरेशनची वेळ अलीकडे आणली होती. त्याला आत नेलं होतं.

माझं भाषण पहिल्याच वाक्याला तिने थांबवलं. “बसा.” पेटी उघडून तिने वडिलांचं कार्ड काढलं, लांब धरून पाहिलं. “हे माझे सासरे,” ती म्हणाली, आणि ते हातातच ठेवलं.

तो शुद्धीवर आलाच नाही. मंगळवारी गेला. त्याने वडिलांचं कार्ड पाहिलं ते एकच, आमचं उजळलेलं.

देह अमेरिकेला पाठवायच्या आदल्या दिवशी ओळखीची मंडळी ते राहायचे त्या कंपाउंडच्या हॉलमध्ये जमली. आम्हीही गेलो. त्यांनी फक्त उजळलेलंच कार्ड पाहिलं, हे मी तिला बोलून दाखवलं, न राहवून.

“त्यांना वडिलांचा रंग माहीत होता,” ती म्हणाली. “कार्डं बाकीच्यांसाठी होती.” आणि तिने पेटी टचिंगवाल्याच्या हातात दिली. “तुम्ही वाटा. प्रत्येकाला एक.”

तो खुर्च्यांच्या रांगेतून देत निघाला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या एका हिंदुस्थानी माणसाने कार्ड उलटंसुलटं केलं.

“हे कोण? गाणारे होते का?”

“खेळाडू. फार मोठे.”

“मग नाव कसं ऐकलं नाही?”

टचिंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. सगळी कहाणी माझ्या तोंडाशी आली होती. पण तो माझ्यासाठी थांबला नाही.

“काळे होते,” तो म्हणाला. “म्हणून घेतलं नाही त्यांना.” आणि पुढच्या खुर्चीकडे वळला.