सरांची आक्का आणि सरकारची जमीन

आमचे अर्थशास्त्राचे सर स्वतःशीच भांडायचे, आणि तेही भर वर्गात, खणखणीत आवाजात. फळ्याच्या डाव्या अंगाला उभे राहिले की ते राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे. कारखाने, खाणी, जमिनी, मूठभर लोकांच्या हातात साठलेली संपत्ती, सगळं समाजाच्या मालकीचं कसं झालं पाहिजे हे ते असं सांगायचे की बाकावर बसलेल्या बागायतदारांच्या पोरांनाही आपल्या उसाची लाज वाटावी. मग सर उजव्या अंगाला सरकायचे आणि आत्ता उभा केलेला सगळा डोलारा स्वतःच्याच हातानं पाडायचे. सरकार म्हणजे कोण? साहेब. साहेबाला कोण विचारणार? तुम्ही? तास संपला की सर खडू टेबलावर टाकून निघून जायचे आणि आम्ही मुली वह्या उघड्या ठेवून एकमेकींकडे बघत बसायचो.

परीक्षा जवळ आल्यावर मी एकदा धीर करून विचारलं, "सर, नेमकं काय लिहायचं? राष्ट्रीयीकरण व्हावं की होऊ नये?"

"तुला काय वाटतं?"

"काहीच कळंना झालंय, सर."

"मग तेच लिही. पण का कळत नाही ते नीट लिही."

मी खरंच तसं लिहिलं. बरे मार्क पडले, पण गोंधळ काही गेला नाही.

हे नव्वदच्या दशकातलं. सरकारी कंपन्या विकायला काढल्याच्या बातम्या रोज पेपरात यायच्या आणि सर त्या कुणी जवळचं माणूस आजारी असल्यासारख्या वाचायचे. त्यांचं स्वतःचं मत डाव्या अंगाचंच होतं, यात आम्हाला शंका नव्हती. ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यात वाढले होते. वडील लवकर गेले. आई, जिला सगळा वाडा आक्का म्हणायचा, दुसऱ्याच्या शेतात भात लावून मुलाला शिकवत राहिली. पुढं सीलिंगचा, म्हणजे कमाल जमीनधारणेचा, कायदा आला, गावातल्या मोठ्या घराण्याची जादा जमीन सरकारजमा झाली आणि तिच्यातला एक तुकडा आक्काच्या नावावर चढला. "सरकारनं हात घातला म्हणून माझ्या आईला माती मिळाली," सर म्हणायचे. "नाहीतर ती मालकाच्या मनात येईपर्यंत थांबली असती."

सरांचे जवळचे मित्र मात्र शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी होते. कॉलेज सुटलं की सर त्यांच्या पेढीवर जाऊन बसत. शेठ गादीवर, सर समोरच्या ढेपेवर. भांडण ठरलेलं.

"सर, उद्या ही पेढी सरकारजमा झाली तर तुमास्नी च्या कोण पाजणार?"

"सरकार पाजेल की."

"गार पाजंल."

दोघंही हसत, आणि दुसऱ्या दिवशी सर पुन्हा हजर. याच शेठनी एका रविवारी पेढीशेजारच्या हॉलमध्ये जाहीर वादविवाद ठेवला. विषय, खासगी संपत्तीचं राष्ट्रीयीकरण व्हावं का. बाजूनं सर, विरोधात शेठ. आक्का त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात आली होती. हिरवी पट्टी बांधून ती पहिल्या रांगेत बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

सर उत्तम बोलले. शेठही कमी पडले नाहीत. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तर आक्काच उठली.

"माझा एक सवाल हाय. जलमभर मी दुसऱ्याच्या बांधावर राबले. सरकारनं मालकाची जमीन काढून घेतली, तवा मला तुकडा मिळाला. व्हय का न्हाय?"

"व्हय, आक्का," सर म्हणाले.

"मंग सरकारनं घेतली ते ब्येस केलं."

सरांच्या बाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आक्कानं हात वर केला. "थांबा की! आदी ऐका. आता सातबाऱ्यावर माझं नाव हाय. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं नव्हतं. आन ह्यो माझा ल्योक म्हणतोय, सगळी जमीन सगळ्यांची करा. मालकांची नावं हुती तवर हुती, आन आमचं नाव लागलं की लगीच सगळ्यांची व्हय रं?"

आता शेठची माणसं टाळ्या वाजवायला लागली. आक्का त्यांच्याकडं वळली.

"तुमी कशापायी वाजवताय? तुमचं काढून घ्याच म्हणतीया मी."

हॉलमध्ये हसावं की गप्प बसावं, कुणालाच कळेना. अध्यक्षांनी निकाल न देताच आभार मानले. बाहेर पायऱ्यांवर सर रुमालानं मान पुसत उभे होते. मला म्हणाले, "वर्गात मी उजव्या अंगाला उभा राहून जे बोलतो ना, ते सगळं हिच्याकडून उचललेलं आहे. मला त्याचं उत्तर सापडत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो."

पुढं मी एम. ए. करून त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. दोन हजार साल उलटून गेलं होतं. एक दिवस सर स्टाफरूममध्ये आले ते हातात एक सरकारी कागद घेऊन. गावाकडच्या माळाला औद्योगिक वसाहत होणार होती आणि भूसंपादनाची नोटीस आली होती. त्यात आक्काचा तुकडा होता.

"म्हणजे सरकार घेणार," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "सरकारच घेणार."

सुनावणीला मी बरोबर गेले. आक्काला एस.टी.तून उतरताना धरायला कुणीतरी बाई हवी होती. कचेरीत गर्दी होती. लोक पाळीनं पुढं जात, हरकत सांगत, अंगठा उठवून बाजूला होत. आमचं नाव पुकारलं. अधिकारी तरुण होते, सभ्य होते.

"बोला, काय हरकत आहे?"

इतकी वर्षं वर्ग दणाणून सोडणारे सर उभे राहिले आणि त्यांना सुरुवातच सुचेना. मागचे लोक खोकायला लागले.

"सरकारनं जमीन घ्यायला माझी तत्त्वतः हरकत नाही," शेवटी ते म्हणाले.

आक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की मीच मान खाली घातली.

"पण घेऊन कुणाला देणार, ते सांगा," सर पुढं म्हणाले.

"कंपन्यांना. भाडेपट्ट्यानं."

"खासगी कंपन्यांना?"

"अर्थात."

"मग याला राष्ट्रीयीकरण म्हणता येणार नाही."

अधिकारी बुचकळ्यात पडले. "तसं कोण म्हणतंय, सर?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. जणू त्यांच्या ऐवजी उत्तर मी देणार होते. तेवढ्यात आक्का टेबलाला धरून पुढं झाली. "सायेब, हरकत हाय म्हणून लिवा. बाकीचं त्यो घरी जाऊन इचार करंल."

हरकत लिहून घेतली आणि पुढं फेटाळली गेली. जमीन गेली. मोबदला आला, त्यात आक्कानं घरावर स्लॅब टाकला. माळाला तारेचं कुंपण पडलं आणि मग काहीच झालं नाही. कारखाना आला नाही, रस्ता आला नाही, पाटी तेवढी गंजत राहिली. सर मला विचारायचे, "जमीन घेतली ही चूक? कंपनीला द्यायची ठरवली ही चूक? का कुणालाच दिली नाही ही? मूळ कुठं चुकलं?" मी काहीतरी बोलायची. ते मान हलवायचे, पण ऐकत नसायचे.

पावसाळ्याच्या तोंडाला आक्का तार वाकवून आत गेली आणि आपल्याच जुन्या तुकड्यात तिनं नाचणी लावली. तिच्या मागोमाग वाड्यातल्या आणि गावातल्याही बाया गेल्या. कुणी कुणाची हद्द विचारली नाही, मोकळं दिसेल तिथं लावलं. सरांना हे कळलं तेव्हा ते हसले, मग गंभीर झाले, मग पुन्हा हसले. त्यानंतर दर रविवारी ते गावी जायला लागले. एकदा मीही गेले होते. बांधावर बसून मायलेकांचं जुंपलं होतं.

"आक्का, आता ही जमीन खरी सगळ्यांची झाली बघ."

"कुणाची सगळ्यांची? ही नाचणीची वळ माझी हाय. शेजारनीची वळ शेजारनीची."

"कागदावर सरकारची आहे."

"मंग सरकारला सांग की खुरपायला ये म्हणून."

सरांनी धोतरासारखी पँट वर खोचली आणि खुरपं हातात घेतलं. काम त्यांना जमत नव्हतं. तण राहून रोपं उपटली जात होती आणि आक्का शिव्या घालत होती.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात सर गेले. सकाळी पेपर वाचता वाचता छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शेठ स्मशानात वाळूवर फतकल मारून बसले होते आणि त्यांना उठवताना चौघांना जोर लावावा लागला.

पुढच्या आठवड्यात मी आक्काला भेटायला गेले. नव्या स्लॅबखाली ती भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. तिनं विचारलं.

"तू त्येच्यासंगं शिकवायला हुतीस न्हवं? मग तुला ठावं असंल. त्येला माझं म्हननं पटलं हुतं का गं, शेवटाला?"

मला माहीत नव्हतं. सरांनाही माहीत होतं का, कोण जाणे. पण म्हातारीच्या तोंडाकडं बघून मी म्हणाले, "व्हय, आक्का. पटलं होतं."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खोटं बोलतीस," ती म्हणाली. "पटलं असतं तर दर आयतवारी भांडाय कशाला आला असता?"