टॅपेटची टकटक

ओमानमधल्या सहम गावच्या एका शेतावर खजुराच्या झावळ्यांखाली पडलेली जुनी मोटरसायकल मी विकत घेतली, ती चालवायला नव्हे. आई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे मस्कतला आले आणि दिवसभर बाल्कनीत बसून एसीचं पाणी ठिबकताना बघू लागले. तरुणपणी त्यांच्याकडे हेच मॉडेल होतं. गाडी आली आणि खालच्या पार्किंगमध्ये बाबांचं ऑफिस सुरू झालं. मला पान्हे पुसायच्या हुद्द्यावर ठेवलं होतं, तेही तात्पुरतं.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी गाडी सुरूच होईना. किक मारली की पाय नुसता खाली जायचा, इंजिनाचा विरोध म्हणून नाही. मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजवाल्याने, हा मूळचा रत्नागिरीचा, हातानेच किक दाबून बघितली.

"कम्प्रेशन खलास! पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार. आता ह्या मॉडेलच्या रिंगा कुठे शोधायच्या?"

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मग माझं इथे काय काम? पुण्याचं तिकीट काढ."

पुण्यात बंद फ्लॅट होता, आणि कोणी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी गॅरेजमधून इंजिनातला दाब मोजणारा कम्प्रेशन मीटर मागून आणला. प्लगच्या जागी तो बसवून मोठ्या रुबाबात किक मारली. काटा जेमतेम हलला. माझं तोंड उतरलं.

बायको चहा घेऊन खाली आली होती. "अहो, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा की! हवा आतच गेली नाही तर इंजिन दाबणार काय? व्हिडिओ मीपण बघितलाय."

पिळला. काटा थोडा चढला, पण पुरेसा नाही.

आता उरला तेलाचा उपाय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालायचं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल ती फट बुजवतं आणि काटा वर जातो. घाईत उचललेला चमचा नेमका तूप वाढायचा निघाला, त्याबद्दल मी अजून ऐकतोय. पुन्हा किका मारल्या. काटा होता तिथेच. न हलणाऱ्या काट्यावर एवढं प्रेम मी कधी केलं नव्हतं.

"बाबा, रिंगा ठणठणीत आहेत! हवा व्हॉल्व्हमधून जातेय."

खुर्चीतले बाबा पुढे वाकले. मी टॅपेटचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह ढकलणारं टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट हवी, थोडी टकटक होते ती तिचीच. तिथे मापाची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा शिरेना. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हते.

"मीच आवळले," बाबा हळूच म्हणाले. "मशीन लावल्यापासून फार टकटक ऐकू यायची. वाटलं, सैल पडलेत."

कानाचं मशीन. आम्हीच मागे लागून नुकतंच बसवून घेतलेलं.

मी हसणार, तेवढ्यात बायकोने डोळे वटारले. "बाबा, ती टकटक पहिल्या दिवसापासून आहे. मला वर स्वयंपाकघरात ऐकू येते. खाली तुमचं काम चाललंय हे त्यानेच तर कळतं."

फट बाबांनी बसवली, मी पट्टी धरली. किकचा मान मात्र मला मिळाला, आणि इंजिनाने पाय असा परत फेकला की माझी चप्पल शेजाऱ्यांच्या गाडीखाली गेली. दुसऱ्या किकला गाडी सुरू. एका पायात चप्पल घालून मी पार्किंगमध्ये चक्कर मारून आलो.

टकटक, टकटक. बाबांचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, मशीन काढतात की काय. त्यांनी मशीनचा आवाज वाढवला.

"म्हणजे इतकी वर्षं ही अशी बोलत होती?"

"हो, बाबा."

"तिकीट राहू दे," ते म्हणाले. "आणि पुढचा ब्रेक केवढा किरकिरतोय! तुला ऐकू येत नाही का रे?"