आखाजीचा मुऱ्हाळी

ज्ञानेश्वर नेमकं काय काम करतो, हे अमळनेरात त्याच्या गल्लीतल्या कोणालाच धड सांगता आलं नसतं. घरी बसून कंपनीचं काम करतो, पगार बरा आहे आणि दिवसभर कानाला काहीतरी लावून बोलत असतो, एवढीच लोकांची माहिती. त्यामुळे ज्याचं वायफाय बंद पडेल तो याच्या दारात. "नाना, जरा देखा बरं." नाना बिचारा उठून जाई, डबा बंद करून चालू करी, आणि चहा पिऊन परत येई. गल्लीच्या मते तेच त्याचं काम होतं.

खरं काम वेगळंच होतं. परदेशातल्या एका विमा कंपनीचं मेनफ्रेम तो सांभाळायचा. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढं एकच मोठं यंत्र, पण त्याच्या पोटात कितीतरी यंत्रं नांदत असतात. ती हाताला लागत नाहीत, सॉफ्टवेअरनं उभी केलेली असतात, तरी आपापलं काम चोख करतात. त्यांना एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा स्विचही तसाच. ना तार, ना दिवा. बिघडला तर उघडून बघायची सोय नाही. आपण प्रश्न टाइप करायचे आणि तो जी उत्तरं देईल त्यावरून रोग ताडायचा. मुंबईत वीस-बावीस वर्षं ज्ञानेश्वरनं हेच केलं. लॉकडाऊनमध्ये घरी आला, आई एकटी आहे हे त्याला तेव्हा प्रथम नीट दिसलं, आणि मग तो परत गेलाच नाही. मुलगी पुण्याला शिकायला. घरात तो, बायको दिपमाला आणि आई प्रमिलाबाई.

बहीण सुलक्षणा त्याच्यापेक्षा धाकटी, नरडाण्याच्या पुढे एका खेड्यात दिलेली. आता खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते हे सांगायला नको. पण ती आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्या मुऱ्हाळ्याला, तिकडच्या बोलीत 'मूय'ला, सासरी पाट मिळतो, जेवण मिळतं, आणि मग चार लोकांदेखत लेक मानानं गाडीत बसते. सुलक्षणाचे केस पिकायला लागले होते, सून यायची वेळ झाली होती, पण वडील गेल्यापासून एकही आखाजी ज्ञानेश्वरनं चुकवली नव्हती. मुंबईहूनही तो त्यासाठी यायचा.

या वर्षी त्या जाण्याला वेगळं वजन होतं. संक्रांतीच्या सुमारास प्रमिलाबाईंना लकव्याचा झटका आला. तेव्हा सुलक्षणा येऊन राहून गेली, आई सुधारतेय असं बघून गेली. पण होळीनंतर आई खालावत चालली, आणि आखाजीच्या आधी डॉक्टरांनी ज्ञानेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, की ज्यांना भेटवायचं असेल त्यांना भेटवून घ्या. त्यानं हे सुलक्षणाला कळवलं नाही. सासरी लेकीला असा निरोप कशाला धाडायचा? आखाजीला ती येणारच आहे. हसत येऊ दे, आईला हसती लेक दिसू दे. असं त्यानं दिपमालाला पटवलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही. तोंडानं बोललं की ते खरं ठरेल, ही भीती त्याच्या मनात होती. एवढा शिकलेला माणूस, पण या बाबतीत तो आपल्या आजीचाच नातू.

आखाजी रविवारी होती. शनिवारी सकाळी त्याची गाडी धुऊन उभी होती. प्रमिलाबाईंनी डोळे उघडले, जडावलेल्या जिभेनं विचारलं, "सुली उनी का रे?"

"सांजलोंग ई जाई, माय," त्यानं संध्याकाळचा वायदा केला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

पुण्याहून भूपेंद्र बोलत होता. यावल तालुक्यातला केळीवाल्यांचा पोरगा, दोन वर्षांपासून ज्ञानेश्वरच्या हाताखाली शिकत होता. परदेशी कंपनीनं विजेच्या कामासाठी रात्री सगळं मशीन बंद केलं होतं, वर्षभरात पहिल्यांदाच. आता ते परत चालू झालं होतं, बाकी सगळी आतली यंत्रं बोलत होती, पण विम्याचे दावे ज्याच्यावर चालतात ते एकच यंत्र मुकं झालं होतं.

"स्विच काय म्हणतो?" ज्ञानेश्वरनं विचारलं.

"सगळं ठीक म्हणतो सर. स्विच चालू आहे, बाहेरचं कार्ड चालू आहे, आपलं यंत्र स्विचला जोडलेलंही दिसतंय. फक्त इकडचा निरोप तिकडे जात नाही."

भूपेंद्रच पुढे म्हणाला, "सर, आज तुम्हाला बहिणीला आणायला जायचंय ना? तुम्ही निघा. मी बघतो, अडलं तर फोन करतो."

तेव्हा त्यानं निघायला हवं होतं. पण आपल्याशिवाय हे कोणाला जमणार नाही, हे वर्षानुवर्षं ऐकून ज्ञानेश्वरला ते खरं वाटायला लागलं होतं. तासाभराचं काम, असं म्हणून तो बसला.

तिकडच्या नेटवर्कवाल्यांनीही त्याच रात्री बाहेरचे स्विच बदलले होते, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्यांच्यावर. ज्ञानेश्वरचाही. त्यानं त्यांना केबली तपासायला लावल्या, परत तपासायला लावल्या, आवाज चढवला. "माझ्या बाजूनं सगळं बरोबर आहे," हे वाक्य तो त्या दिवशी किती वेळा बोलला असेल, देव जाणे. कार्ड बदलून पाहिलं. स्विच खाली घेऊन वर आणला. उन्हं डोक्यावर आली, जेवणाचं ताट झाकून राहिलं. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, तोच प्रश्न, आणि दिपमालानं तेच उत्तर दिलं.

दुपारी त्यानं ओळखीच्या पंडितला, भाड्याची गाडी चालवणाऱ्याला, नरडाण्याकडे पाठवायचं ठरवलं आणि बहिणीला फोन लावला. "सुली, माले काम निंघनं. पंडितनी गाडी धाडस, तू बठी ये."

ती आधी हसली. मग तिचा आवाज उतरला. "डायव्हरसंगे? आखाजीले मी भाडानी गाडीमा येऊ का, भाऊ? आठे बठ्ठा लोके काय म्हनतीन? तू ये. सांज व्हवू दे, मी वाट देखस."

या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. आईचं काही खरं नाही, एवढंच. दिपमाला दारात उभी राहून डोळ्यांनी तेच सांगत होती. ज्ञानेश्वरनं नजर चुकवली आणि म्हणाला, "बरं, मी येस."

उन्हं कलायला लागली तेव्हा भूपेंद्रनं भीत भीत विचारलं, "सर, एकदा परवानग्यांची यादी नंबरासकट बघू का? यंत्राचं नाव आहे, पण गल्ली कोणती दिलीय?"

त्या स्विचमध्ये गल्ल्या आखलेल्या असतात, प्रत्येकीला नंबर. कोणतं यंत्र कोणत्या गल्लीत बोलणार हे परवानगीतच लिहिलेलं असतं. ज्ञानेश्वरनं विचारलं, स्विचनं उत्तर दिलं. नाव होतं. नंबर जुना होता. दाव्यांचं यंत्र जुन्या रिकाम्या गल्लीत उभं राहून सकाळपासून हाका मारत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

नंबर जुना का, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. मागच्या वर्षी नवा नंबर त्यानंच दिला होता. चालू मशीनवर बदल केला की लगेच लागू होतो, पण मशीन बंद होईपर्यंतच टिकतो. कायमचा हवा तर मशीन सुरू होताना जी फाईल वाचतं तिच्यातही तो लिहावा लागतो. पोरांना शिकवताना तो हेच घोकून घ्यायचा. पण मागच्या आखाजीच्या आदल्या दिवशी त्यानं चालू मशीनवर बदल केला, काम झालं, आणि बाहेर गाडी उभी होती. सुलीला आणायचं होतं. फाईलचं आखाजी झाल्यावर बघू, असं म्हणून तो उठला. आखाजी झाली, मांडे झाले, झोके झाले, आई आणि सुली मागच्या दारी बसून रात्रभर बोलल्या, आणि फाईल राहून गेली.

त्यानं नंबर बदलला, यंत्र बोलायला लागलं. मग फाईलमध्ये ती ओळ लिहिली, या वेळी न विसरता. भूपेंद्रला म्हणाला, "चूक माझी होती. नेटवर्कवाल्यांना तसं कळव." आणि आईच्या खोलीत डोकावला. ती झोपलेली वाटली. तिला न उठवता तो निघाला.

गाडी त्यानं कशी चालवली हे त्यालाच माहीत. सुलक्षणाच्या गावची कमान दिसायला लागली तेव्हा दिपमालाचा फोन आला. ती रडत नव्हती. "आई गेल्या," एवढंच म्हणाली. "मघाशी पाणी पाजलं. परत विचारलं त्यांनी. मी म्हटलं, ताई निघाल्यात, रस्त्यात आहेत."

ज्ञानेश्वरनं गाडी बाजूला घेतली. परत फिरता येत नव्हतं आणि पुढे जायला मन धजत नव्हतं. शेवटी तोंड धुतलं आणि पुढे गेला.

सुलक्षणा ओट्यावर होती. नवी साडी, हातभर नव्या बांगड्या, शेजारी भरलेली पिशवी. "उना का रे भाऊ!" म्हणून ती उठली तेव्हा समोरच्या ओट्यावरच्या बायकाही हसल्या. तिची सासू शेवंताबाई दारात आली. "या भाऊ, या. आमनी सून सकायपाइन वट्टावर बठेल शे. हातपाय धुवा. मूय उपाशी जात नही."

आता सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण बहिणीचा चेहरा बघून त्याच्यानं झालं नाही. पाटावर बसला. मांडा आला, आमरसाची वाटी आली. घरात मयत झालं असताना माणूस घास तोंडात घालत नाही, आणि तो एकेक घास गिळत होता, कारण ताटावरून उठला असता तर तिथेच आकांत झाला असता. दिवसभराच्या भुकेनं अन्न गोडही लागत होतं. त्याबद्दल त्यानं स्वतःला कधी क्षमा केली नाही. शेवंताबाईंनी सुनेची ओटी भरली, बायका वेशीपर्यंत आल्या, आणि लेक मानानं गाडीत बसली.

गाव मागे पडलं. सुलक्षणा पिशवीवर हात ठेवून बोलत होती. "मायसाठे कुरडाया करी आन्यात. तिले आवडतस."

त्यानं गाडी थांबवली. "सुली, माय गयी."

पिशवी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "कव्हय?"

"आत्ते. मी तुन्हा गावना बाहेर व्हतू तव्हय." मग त्यानं बाकीचंही सांगितलं, डॉक्टरांचं, लपवल्याचं, दिवसभर आई विचारत होती त्याचं. काही राखून ठेवलं नाही.

ती रडेल, ओरडेल, आपल्याला मारेलसुद्धा, असं त्याला वाटलं होतं. ते पुढे झालंही, आईला बघितल्यावर. पण गाडीत ती फार हळू आवाजात म्हणाली,

"तू फोन करा व्हता ना दुपारले. माले एक सबद सांगाले काय व्हतं, भाऊ? मी मूयनी वाट देखती का? पायी निंघी येती मी."